एव्हांजेलिनचा पुतळा आणि पेलाजीची बैलगाडी : आकादीय-केजन वारसाजतनाची वाङ्मयीन बाजू

५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्रां-प्रे येथील चर्चमध्ये परिसरातील पुरुषांना आणि दहा वर्षांवरील मुलग्यांना बोलावण्यात आले. ४१८ जण जमले. दारे बंद झाल्यावर लेफ्टनंट कर्नल जॉन विन्स्लो याने त्यांना राजाज्ञा ऐकवली : त्यांच्या जमिनी, घरे आणि गुरेढोरे सरकारजमा झाली असून त्यांना या प्रांतातून हलवण्यात येत आहे. आज्ञा इंग्रजीत होती. ऐकणारे फ्रेंच बोलणारे होते, आणि तिचा अर्थ त्यांना दुभाष्यामार्फत कळला. विन्स्लोने ठेवलेली दैनंदिनी आज उपलब्ध आहे. आकादीय समाजाच्या हद्दपारीचा हा सर्वांत तपशीलवार समकालीन वृत्तांत हद्दपार करणाऱ्याच्या भाषेत आणि त्याच्याच हातचा आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. ज्यांना हलवले गेले त्यांच्यापैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी जे जपले ते कंठात जपले, आणि कंठातले कागदावर यायला सव्वादोनशे वर्षे लागली.

या समाजाचा इतिहास मराठी वाचकाला फारसा परिचित नाही, म्हणून तो थोडक्यात सांगणे भाग आहे. १६०४-०५ पासून आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, मिकमाक या मूळ रहिवाशांच्या प्रदेशात, फ्रेंच वसाहतकारांनी जी वस्ती केली ती आकादी. १७१३ च्या उट्रेख्टच्या तहाने तिचा मुख्य भाग ब्रिटिशांकडे गेला. फ्रान्स आणि ब्रिटन यांच्या भांडणात आपण कोणाच्याही बाजूने शस्त्र उचलणार नाही, ही भूमिका या शेतकऱ्यांनी चार दशके टिकवली. बिनशर्त राजनिष्ठेची शपथ घेण्यास त्यांनी नकार दिल्यावर गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्सच्या काळात त्यांची हकालपट्टी सुरू झाली आणि ती १७६३ पर्यंत चालू राहिली. दहा हजारांहून अधिक माणसे मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या इंग्रज वसाहतींत, इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्ये विखुरली गेली. कित्येकजण जहाजांवर आणि रोगराईत मेले. १७६५ मध्ये जोझेफ ब्रूसार ऊर्फ बोसोलेय याच्या नेतृत्वाखाली एक जथा तेव्हा स्पेनच्या ताब्यात गेलेल्या लुइझियानात पोहोचला. १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजांनी सुमारे १६०० माणसे तेथे आली. ‘आकादियँ’चे बोलीत ‘कादियँ’ झाले आणि इंग्रजांच्या तोंडी ‘केजन’. उत्तरेकडे चोरवाटांनी परतलेल्यांना आपल्या जमिनींवर न्यू इंग्लंडहून आणवलेले शेतकरी बसलेले दिसले. ते किनाऱ्यालगतच्या खडकाळ पट्ट्यांत राहू लागले.

या घटनेला लोकांनी दिलेले नाव ‘ल ग्रां देरांजमां’ असे आहे. ‘देरांजमां’ म्हणजे घालमेल, विस्कटणे, घरातील व्यवस्था बिघडणे. पाहुणे अवेळी आले तरी हाच धातू वापरतात. सरकारी आणि ऐतिहासिक लेखनात ‘हद्दपारी’ हा शब्द आला तो नंतर. ज्यांच्यावर प्रसंग गुदरला त्यांनी त्याला एवढे खालच्या पट्टीतले नाव द्यावे, याचा विचार अभ्यासकांनी पुरेसा केलेला नाही असे प्रस्तुत लेखकास वाटते. आकादीय वाङ्मयातील उत्तम ते सारे याच खालच्या पट्टीत आहे आणि स्मारकांतील बहुतेक सारे वरच्या पट्टीत.

वरची पट्टी लावली ती हेन्री वड्सवर्थ लाँगफेलो याने. १८४७ मध्ये त्याचे ‘एव्हांजेलिन’ हे दीर्घ कथाकाव्य प्रसिद्ध झाले. लग्न ठरलेले जोडपे हद्दपारीत वेगळे होते; एव्हांजेलिन गाब्रिएलच्या शोधात लुइझियानापर्यंत जाते, एकदा दोघांच्या नावा एकमेकींना न दिसता शेजारून निघून जातात, आणि अखेर फिलाडेल्फियात शुश्रूषा करणारी जोगीण झालेल्या तिला तो मृत्युशय्येवर भेटतो. लाँगफेलो नोव्हा स्कोशियात गेला नव्हता आणि लुइझियानातही नाही. कथाबीज त्याला भोजनप्रसंगी, नथॅनिएल हॉथॉर्नच्या स्नेह्याकडून मिळाले. इतिहास हॅलिबर्टनच्या १८२९ च्या ग्रंथातून. आणि मिसिसिपीचे दृश्य बोस्टनमध्ये दाखवल्या जाणाऱ्या जॉन बॅनव्हर्डच्या गुंडाळीवरच्या फिरत्या चित्रपटावरून. यात निंदा करण्यासारखे काही नाही. कवीला प्रवासभत्त्याची पावती मागणारी समीक्षा ही समीक्षाच नव्हे. प्रश्न वेगळा आहे.

काव्याचा आरंभ आदिम अरण्याने होतो. ग्रां-प्रेचे वैशिष्ट्य अरण्य हे नाही. फंडीच्या उपसागरातील भरती जगातील सर्वांत उंच भरतींपैकी आहे, आणि आकादीयांनी तेथील खाऱ्या दलदलीला बांध घालून ती शेतीखाली आणली. बांधाच्या तळाशी लाकडी पन्हळ आणि तिच्यात एका बाजूनेच उघडणारी झडप : ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाते, भरतीला समुद्राच्याच दाबाने झडप मिटते. याला ‘आबोआतो’ म्हणतात. कोकणातील खारबंदिस्ती किंवा गोव्यातील खाजनाचे बांध आणि त्यांतील ‘मानस’ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे अधिक वर्णन नको. असा बांध एका कुटुंबाला बांधता येत नाही आणि एका वर्षी दुर्लक्ष केले तर टिकत नाही. त्यामागे सामूहिक श्रमाची व्यवस्था लागते. लाँगफेलोच्या काव्यात बांधांचा उल्लेख येतो हे मान्य केले पाहिजे. परंतु काव्याची चौकट अरण्याची, कुजबुजत्या वृक्षांची आहे. समुद्राशी भांडून जमीन मिळवणारा समाज त्यात निसर्गाच्या कुशीत निजलेल्या निष्पाप ग्रामस्थांचा समाज होतो. निष्पापांची हद्दपारी करुण असते; कुशल माणसांची हद्दपारी म्हणजे त्यांच्या कौशल्याच्या फळाचीही लूट असते. पहिल्या प्रकाराने डोळे ओले होतात. दुसऱ्या प्रकारात हिशेब मागावा लागतो. १८४७ च्या बोस्टनच्या वाचकाला हिशेब नको होता, कारण विन्स्लोचे सैनिक मॅसॅच्युसेट्सचेच होते.

आता नवलाची गोष्ट. ज्यांच्याविषयी हे काव्य होते त्यांनी ते आपले मानले. पाँफिल लमे याने १८६५ मध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर केले. १८८७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९८२ पर्यंत चाललेल्या आकादीय वृत्तपत्राचे नाव ‘लेव्हांजेलिन’ असे होते. ग्रां-प्रेला १९२० मध्ये एव्हांजेलिनचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. लुइझियानात तर एका जिल्ह्याला, पावाला, शाळांना तिचे नाव मिळाले. १९०७ मध्ये फेलिक्स व्हूरीज या सेंट मार्टिनव्हिलच्या गृहस्थाने एक पुस्तक लिहून सांगितले की एव्हांजेलिन ही खरी कोणी एम्मेलिन लाबीश होती, गाब्रिएल हा लुई आर्सेनो होता, आणि दोघांची भेट आमच्या गावच्या ओक वृक्षाखाली झाली. आपल्या आजीकडून ऐकलेली हकीकत म्हणून त्याने ती मांडली. तिला कागदोपत्री आधार नाही, हे कार्ल ब्रासो या इतिहासकाराने १९८८ च्या पुस्तकात दाखवून दिले. परंतु तोवर एम्मेलिनची ‘समाधी’ झालेली होती, आणि तिच्यावर १९३१ मध्ये पुतळा बसलेला होता. पुतळ्याचा चेहरा डोलोरेस देल रिओ या मेक्सिकन नटीचा आहे. १९२९ च्या ‘एव्हांजेलिन’ चित्रपटात तिने ती भूमिका केली होती. इंग्रजी काव्यातील कल्पित नायिका, तिची फ्रेंच ‘मूळ’ व्यक्ती, त्या व्यक्तीची समाधी आणि समाधीवर हॉलिवूडचा चेहरा, अशी ही साखळी आहे.

या साखळीला हसून मोकळे होणे सोपे आहे. उत्तर-वसाहतवादी समीक्षेच्या लोकप्रिय आवृत्तीत ‘परक्याने लादलेली प्रतिमा’ असे म्हणून ती निकालातही काढली जाते. परंतु लादणे आणि उचलणे या दोन क्रिया भिन्न आहेत. १८८१ मध्ये मेमरामकुक येथे आकादीयांचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरले आणि १५ ऑगस्ट हा, मेरीच्या स्वर्गारोहणाचा दिवस, त्यांचा राष्ट्रीय दिन ठरला. क्वेबेकचा सण घ्यावा असे म्हणणाऱ्यांचा पक्ष तेथे पडला. १८८४ मध्ये मिस्कूश येथे ध्वज ठरला : फ्रान्सचा तिरंगी ध्वज आणि निळ्या पट्ट्यात सोनेरी तारा. राष्ट्रगीत म्हणून समुद्रतारा मेरीचे लॅटिन स्तोत्र घेतले गेले. राज्य नाही, सरकार नाही, नकाशावर सीमा नाही, आणि तरी दिन, ध्वज आणि गीत आहे. अशा समाजाला प्रतीके कोठूनही घ्यावी लागतात : चर्चकडून, फ्रान्सकडून, बोस्टनच्या कवीकडून. एव्हांजेलिन उचलली गेली ती या टंचाईत. प्रश्न असा विचारला पाहिजे की उचललेल्या प्रतिमेने समाजाला काय बोलू दिले आणि काय बोलू दिले नाही. एव्हांजेलिन वाट पाहते, सहन करते, शोधत फिरते. ती रागावत नाही, हसत नाही, आणि तिला मूलबाळ नाही. तिच्या मागे कोणी उरत नाही. वंश टिकवून धरल्याचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाची ही मूर्ती निपुत्रिक आहे, या विसंगतीकडे ज्यांनी पहिल्यांदा रोखून पाहिले त्यांत आंतोनीन माये हे नाव अग्रभागी येते.

माये यांचा जन्म १९२९ मध्ये न्यू ब्रन्सविकमधील बुक्तूश येथे झाला; १७ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. राब्ले आणि आकादीय लोकपरंपरा हा त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय होता, आणि तो केवळ विद्वत्तेचा विषय नव्हता. फ्रेंच अकादमीने भाषा घासूनपुसून घेण्यापूर्वी हे लोक फ्रान्समधून निघाले. त्यामुळे पॅरिसमध्ये मेलेले सोळाव्या-सतराव्या शतकातील शब्द आणि क्रियापदरूपे बुक्तूशच्या कोळीणींच्या तोंडी जिवंत राहिली. ज्या बोलीला अशुद्ध म्हणून हिणवले गेले ती एका अर्थाने राब्लेची भाषा होती. माये यांनी या शोधाचा उपयोग ढालीसारखा केला. तुम्ही आमच्या बोलीला हसता तेव्हा स्वतःच्या अभिजात लेखकाला हसता, असे त्यांना सांगता आले. या युक्तिवादातील धोकाही सांगून ठेवतो : बोलीचा मान तिच्या जुनेपणावर टेकवला की तिच्यात आज शिरणारे शब्द आपोआप मळ ठरतात. त्याकडे पुढे येऊ.

१९७१ मध्ये ‘ला सागुईन’ प्रसिद्ध झाले. सोळा स्वगते, बोलणारी बहात्तर वर्षांची, दुसऱ्यांच्या घरच्या फरशा पुसणारी, एके काळी देहविक्रय केलेली बाई. तिची बादली पुढ्यात असते, आणि त्या पाण्याकडे पाहत ती धर्मगुरू, श्रीमंत, युद्ध, चंद्र आणि मरण यांवर बोलते. जनगणनेवरच्या स्वगतात अधिकारी तिला राष्ट्रीयत्व विचारतो आणि तिला काय सांगावे ते उमगत नाही. अमेरिकन म्हणावे तर अमेरिकेत राहत नाही. फ्रेंच म्हणावे तर फ्रान्सचे लोक निराळे. आकादीय म्हणावे तर तो रकाना कागदावर नाही. राज्य नसलेल्या राष्ट्राची एवढी नेमकी मांडणी मेमरामकुकच्या भाषणांत सापडणार नाही. आणि ती विनोदातून, खालच्या पट्टीत आली आहे.

मराठी अभ्यासकाला येथे एक योगायोग नोंदवावासा वाटेल. त्याच १९७१ साली आनंद यादव यांची ‘गोतावळा’ प्रसिद्ध झाली. मराठी ग्रामीण कथात्म साहित्यात दीर्घकाळ संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाणभाषेत अशी वाटणी होती. ‘गोतावळा’त ती मोडून नारबा हा गडी सबंध कादंबरी आपल्या बोलीत सांगतो. ‘ला सागुईन’मध्येही बोलीला सावरून घेणारा प्रमाणभाषिक निवेदक नाही. दोहोंमध्ये प्रभावाचा प्रश्नच येत नाही. परंतु बोली जेव्हा उद्धृत व्हायची थांबते आणि स्वतः उद्धृत करू लागते, तेव्हा कथनाची सत्ता कोणाकडे जाते हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि तौलनिक साहित्याभ्यासाला प्रभावापेक्षा अशी समांतरे अधिक फलदायी ठरतात. देशीवादाच्या चर्चेत आपण ‘देशी’ हा गुण बहुधा भूमीशी जोडतो. भूमी हिरावली गेलेल्या समाजात देशीपण कोठे राहते, या प्रश्नाचे उत्तर सागुईनच्या क्रियापदरूपांत आहे.

१९७९ च्या ‘पेलाजी-ला-शारेत’ या कादंबरीला गोंकूर पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या माये या पहिल्या कॅनडियन लेखक. पेलाजी ही जॉर्जियाच्या मळ्यांत राबणारी विधवा. पंधरा वर्षे पैसा साठवून ती बैलगाडी घेते आणि मुलाबाळांसह उत्तरेकडे निघते. वाटेत विखुरलेली कुटुंबे येऊन मिळतात. एका गाडीचा तांडा होतो. दहा वर्षे लागतात. गाडीमागून बेलोनी या म्हाताऱ्या कथेकऱ्याला एकट्याला दिसणारी मृत्यूची गाडी चाललेली असते. एव्हांजेलिनच्या रचनेशी तुलना केली तर जवळजवळ प्रत्येक रेषा उलटी दिसते. तिकडे एकटी कुमारिका, येथे आई. तिकडे प्रवास दक्षिणेकडे आणि एका पुरुषाच्या शोधात. येथे उत्तरेकडे आणि सगळ्यांसाठी. पेलाजीलाही प्रियकर आहे, बोसोलेय नावाचा जहाजाचा कप्तान. इतिहासातील प्रतिकारनेत्याचे नाव माये यांनी त्याला दिले आहे. परंतु पेलाजी त्याच्यासाठी गाडी थांबवत नाही. आणि जेथे लाँगफेलोने अश्रू ठेवले आहेत तेथे माये यांनी बहुधा हशा ठेवला आहे; उपासमार, भांडणे, बाळंतपणे, चोऱ्या, सारे त्या हशातून जाते.

तथापि कादंबरीचे खरे सामर्थ्य या उलटापालटीत नाही. केवळ प्रतिमा उलटी केली तर मूळ प्रतिमेची सत्ता कायम राहते. सामर्थ्य आहे ते कथनाच्या चौकटीत. पेलाजीची गोष्ट सरळ सांगितलेली नाही. शंभर वर्षांनंतर, १८८० च्या सुमारास, तिचे वंशज चुलीभोवती बसून ती सांगतात, एकमेकांना तोडतात, आपापल्या पूर्वजाचा मान वाढवतात. त्यांच्याकडून आलेली गोष्ट निवेदिकेला आणखी शंभर वर्षांनी ऐकायला मिळते. म्हणजे वारसा म्हणून जे हातात येते ते पेलाजीचे चरित्र नव्हे. तीन वेळा सांगितले गेलेले, वाद घातलेले कथन आहे. व्हूरीजने ‘आजीने सांगितले’ हे प्रमाण म्हणून वापरले. माये यांच्याकडे ‘आजीने सांगितले’ येथूनच वाद सुरू होतो. समाधी बांधता येते ती पहिल्या प्रकारच्या आजीवर. शेवटी पेलाजी ग्रां-प्रेला पोहोचून पुनःस्थापित होत नाही. तांतामारच्या दलदलीत ती मरते आणि लोक पांगून नव्या जागा शोधतात.

‘तांतामार’ या शब्दाची एक निराळी कथा आहे. १५ ऑगस्टला आकादीय गावांतून लोक तोंडे रंगवून, भांडी, घंटा, शिट्ट्या वाजवीत निघतात. या गोंगाटी मिरवणुकीला तांतामार म्हणतात आणि पाहणाऱ्याला ती शतकांची परंपरा वाटते. प्रत्यक्षात १९५५ मध्ये हद्दपारीच्या द्विशताब्दीनिमित्त मंक्टन येथे धर्माधिकाऱ्यांच्या सूचनेवरून असा गोंगाट करण्यात आला, आणि वार्षिक उत्सव म्हणून तो रुजला १९७९ मध्ये काराके येथे. गोंकूरचे आणि त्याचे वर्ष एकच. ‘शोधून काढलेली परंपरा’ या कल्पनेचे उदाहरण म्हणून हे वर्गात सांगितले जाते आणि ऐकणारे मान डोलावतात. माझे मत थोडे वेगळे आहे. १९५५ ची शिस्तबद्ध सूचना आणि आजचा बेशिस्त गोंगाट यांत जे अंतर पडले तेच येथे पाहण्यासारखे आहे; धर्मगुरूंनी नेमून दिलेली गोष्ट लोकांनी आपल्या पट्टीत आणली. नवी असल्यामुळे ती खोटी ठरत नाही. पुतळ्याच्या बाबतीत असे घडू शकले नाही, कारण पुतळा वाजवता येत नाही.

सागुईनचेही स्मारक झाले. १९९२ मध्ये बुक्तूश येथे ‘सागुईनचा प्रदेश’ नावाचे पर्यटनस्थळ उघडले. बेटावर गाव, वेशभूषा केलेले नट, मासळीचे पदार्थ. व्हिओला लेजे, ज्यांनी सागुईन रंगभूमीवर अजरामर केली आणि ज्यांचे २०२३ मध्ये निधन झाले, तेथेही ती भूमिका करीत. कोणत्याच रकान्यात न बसणाऱ्या बाईचा रकाना अखेर पर्यटन खात्यात निघाला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्या गावातील अनेकांना त्या बेटावर फ्रेंचमध्ये काम करून पगार मिळाला, आणि बोलीला पगार मिळणे ही त्या किनाऱ्यावर लहान गोष्ट नाही. १९६० मध्ये लुई रोबिशो प्रांताचे प्रमुख होईपर्यंत, १९६३ मध्ये मंक्टन विद्यापीठ निघेपर्यंत आणि १९६९ मध्ये न्यू ब्रन्सविकमध्ये दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा मिळेपर्यंत तसे क्वचितच घडत असे. मायेंच्या पुढच्या पिढीचे कवी, रेमों गी लब्लां आणि एर्मेनेजिल्द शियासों, या लोककथेच्या उबेवर रुष्ट होते. लब्लां यांच्या ‘क्री द तेर’ या संग्रहाने १९७२ मध्ये ‘एदिसियों दाकादी’ या प्रकाशनसंस्थेचा आरंभ झाला. शियासोंच्या कवितेत खेडे नाही, मंक्टनचा डांबरी रस्ता आणि अपमान आहे. ती संस्था २००० मध्ये बंद पडली. पर्यटनस्थळ चालू राहिले.

लुइझियानात प्रश्न अधिक बिकट होता. १९२१ च्या राज्यघटनेने सार्वजनिक शाळांत इंग्रजी हीच शिक्षणाची भाषा ठरवली. आवारात फ्रेंच बोलणाऱ्या मुलाला ‘मी फ्रेंच बोलणार नाही’ अशा अर्थाची ओळ शेकडो वेळा लिहावी लागे. त्या मुलांनी मोठेपणी आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणे सोडले. एका पिढीत साखळी तुटली. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या विकासासाठी ‘कोडोफिल’ ही संस्था स्थापली. तिचे अध्यक्ष जेम्स डोमेंजो यांनी फ्रान्स, बेल्जियम आणि क्वेबेक येथून शिक्षक आणवले. परिणामी मूल शाळेत जी फ्रेंच शिकले ती आजीला परकी वाटली आणि आजीची फ्रेंच शिक्षकाला चुकीची. जेम्स डॉनल्ड फॉक या शाळाशिक्षकाने १९७७ मध्ये केजन फ्रेंचचे पाठ्यपुस्तक काढले आणि उच्चार इंग्रजी वर्णविन्यासाच्या वळणाने लिहिले, तेव्हा डोमेंजो यांनी त्याला कडाडून विरोध केला : अशी लिपी शिकलेला मुलगा जगातील कोणतेही फ्रेंच पुस्तक वाचू शकणार नाही. दोघांचेही म्हणणे खरे होते. बोली जशी कानावर पडते तशी लिहिली तर ती एकाकी होते, आणि प्रमाण वळणाने लिहिली तर ती स्वतःची राहत नाही. ज्या भाषांना लेखनपरंपरेचे छत्र आहे त्यांच्या अभ्यासकांना या पेचाची धार सहसा जाणवत नाही.

पेचातून वाट काढली ती कवींनी. १९८० मध्ये ‘क्री स्युर ल बायू’ हा केजन कवितांचा पहिला संग्रह निघाला. तो लुइझियानात नव्हे, माँट्रियलमध्ये छापला गेला. त्याच्या पाठीशी असलेले बॅरी जाँ आंसले हे लोकसाहित्याचे अभ्यासक; ‘जाँ आर्सेनो’ या टोपणनावाने ते कविता लिहितात. आर्सेनो हे आडनाव व्हूरीजच्या गोष्टीतील प्रियकराचेही आहे. लुइझियानात ते इतके सर्रास आढळते की योगायोगाला अर्थ चिकटवण्याची गरज नाही, तरी वाचताना ते मनात येते. भाषिक दुभंगावरील त्यांच्या प्रसिद्ध कवितेत शाळेतील शिक्षेची ती इंग्रजी ओळच पुनरावृत्त होत जाते. शिक्षेची यांत्रिक पुनरावृत्ती कवितेचे ध्रुपद होते. शाळेने हातात जे एकमेव लेखन दिले त्यातूनच नाकारलेल्या भाषेची कविता सुरू होते. लेखनाची परंपरा नसलेल्या भाषेला शिक्षेची वही हाच पहिला पूर्वग्रंथ मिळाला. माझ्या दृष्टीने आकादीय-केजन वाङ्मयात एव्हांजेलिनला मिळालेले सर्वांत कठोर उत्तर हे आहे, आणि त्यात एव्हांजेलिनचा उल्लेखही नाही.

संगीताकडे वळताना मात्र ‘केजन’ या शब्दाचीच तपासणी करावी लागते. ड्यूई बाल्फा १९६४ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून परतले, आणि २६ मार्च १९७४ रोजी लाफायेत येथे केजन संगीताची पहिली मोठी मानवंदना झाली. पुढील वार्षिक उत्सवाचा उगम तीच. परंतु या संगीताचा एक आधारस्तंभ आमेदे आर्दुआँ हा कृष्णवर्णीय क्रिओल वादक होता. १९२९ पासून त्याने डेनिस मॅगी या गोऱ्या व्हायोलिनवादकासह ध्वनिमुद्रणे केली. एका गोऱ्या स्त्रीने घाम पुसायला रुमाल दिला म्हणून त्याला मारहाण झाली असे सांगितले जाते. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या रुग्णालयात तो मेला आणि निनावी पुरला गेला. १९७१ मध्ये विधिमंडळाने २२ जिल्ह्यांना ‘आकादियाना’ हे नाव दिले, तेव्हा त्या भूमीत फ्रेंच बोलणारे क्रिओल आणि हुमा लोक एका नावाखाली झाकले गेले. न्यू ऑर्लिन्सच्या मुक्त कृष्णवर्णीय कवींचा ‘ले सनेल’ हा फ्रेंच काव्यसंग्रह १८४५ चा आहे, म्हणजे ‘एव्हांजेलिन’पेक्षाही दोन वर्षे आधीचा. लुइझियानातील फ्रेंच वाङ्मयाचा वारसा सांगताना ‘केजन’ हा शब्द वापरला की तो संग्रह परिघाबाहेर जातो. हद्दपारी भोगलेल्या समाजाचे नावही दुसऱ्यांना हद्दपार करू शकते. उत्तरेतही हेच आहे. ग्रां-प्रेचे शेतदृश्य २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले, पण मिकमाकांशी असलेले सख्य, ज्यावाचून आकादीय पहिले हिवाळे काढू शकले नसते, ते स्मारकांत अलीकडेच बोलू लागले आहे.

डिसेंबर २००३ मध्ये कॅनडाच्या गव्हर्नर जनरलनी राजघोषणा काढून हद्दपारीची वस्तुस्थिती मान्य केली आणि २००५ पासून २८ जुलै हा स्मरणदिन ठरवला. यामागे लुइझियानातील वॉरन पेरिन या वकिलाने १९९० मध्ये सुरू केलेली मागणी होती. घोषणेत कायदेशीर वा आर्थिक जबाबदारी स्वीकारलेली नाही, असेही स्पष्ट म्हटले आहे. वाङ्मयीन दृष्टीने पाहता हा १७५५ च्या आज्ञेचा उत्तरार्ध आहे : तीच राजसत्ता, तोच घोषणेचा प्रकार. फरक इतकाच की यावेळी फ्रेंच संहिता दुभाष्याच्या तोंडून आली नाही.

१९९४ पासून साधारण दर पाच वर्षांनी जागतिक आकादीय संमेलन भरते. १९९९ चे लुइझियानात झाले, २०२४ चे नोव्हा स्कोशियाच्या नैऋत्य किनाऱ्यावर. तेथे आडनावांनुसार कुटुंबे जमतात. उत्तरेचा लब्लां दक्षिणेच्या लब्लांला भेटतो आणि कित्येकदा दोघांना इंग्रजीत बोलावे लागते. या दृश्याचा उपहास करू नये, आणि त्यावर भाषणही करू नये. त्यापेक्षा फ्रान्स देग्ल यांची ‘पूर स्यूर’ ही २०११ ची कादंबरी वाचावी. ती १७२८ तुकड्यांची आहे, म्हणजे बाराचा घन. शब्दकोडी, कोशनोंदी, हिशेब आणि मंक्टनमधील टेरी आणि कार्मेन या जोडप्याचे घरगुती बोलणे तीत येते. बोलणे शियाकमध्ये, म्हणजे इंग्रजी शब्द फ्रेंच व्याकरणात ओवून घेणाऱ्या शहरी बोलीत चालते, आणि ती कशी लिहावी याचे नियम देग्ल यांनी स्वतः घडवले आहेत. फॉक आणि डोमेंजो यांच्या भांडणात जो पर्याय कोणालाच दिसला नव्हता तो हा. या बोलीला राब्लेची ढाल पुरत नाही. तिचा मळ ताजा आहे. टेरी ती आरामात बोलतो. कार्मेनला मात्र वाटते की मुलांनी चांगली फ्रेंच शिकावी, आणि मुले इंग्रजी शब्द घालून बोलू लागली की ती त्यांना थांबवते, प्रेमाने, पुन:पुन्हा.